घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर गाण्यांचा एकच साठा कसा वाजवायचा? (दोन मजले, दोन राउटर, एक बाबा)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

घरी बाबांचा गाण्यांचा साठा आहे, साधारण १८० जीबी. निम्म्या सीडीवरून उतरवलेल्या फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेल्या) फाइली, उरलेल्या कॅसेटवरून स्वतः डेकला वायर लावून केलेल्या एमपी३. शास्त्रीय, नाट्यगीतं, भावगीतं, रेडिओवरून टेप केलेल्या मैफिली, काही घरगुती बैठका. यातलं बरंचसं कुठल्याच स्ट्रीमिंग ॲपवर मिळत नाही त्यामुळे "सबस्क्रिप्शन घे की" हा सल्ला कृपया नको, तो मेव्हण्याने देऊन झालाय.

हे सगळं खालच्या मजल्यावर बाबांच्या डेस्कटॉपवर आहे, विंडोज १०. वर माझा लॅपटॉप विंडोज ११, बायकोचा मॅक, मुलाकडे लिनक्स मिंट टाकलेला जुना लॅपटॉप, शिवाय खाली हॉलमध्ये ॲन्ड्रॉइड टीव्ही आणि सगळ्यांचे फोन. आत्तापर्यंत पद्धत अशी की पोर्टेबल हार्डडिस्क घेऊन वर जायचं आणि कॉपी मारायची. त्यामुळे आता तीन मशीनवर तीन वेगवेगळे साठे झालेत, मी माझ्याकडे नावं सुधारली ती बाबांकडे नाहीत, बाबांनी नवीन भर घातली ती माझ्याकडे नाही.

मग फोल्डर शेअर करून बघितला. गंमत अशी की माझ्या लॅपटॉपवर नेटवर्कमध्ये बाबांचा कॉम्प्युटर दिसतच नाही, पण ॲड्रेस बारमध्ये आयपी टाइप केला की फोल्डर उघडतो. खालच्या टीव्हीला बाबांची गाणी दिसतात, वर माझ्या फोनला दिसत नाहीत. आणि प्लेअरची लायब्ररी फाइलच शेअर फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी उघडायचा प्रयत्न केला तर दुसऱ्याला लॉक आहे म्हणतं. एका जुन्या लेखात होमग्रुप करा असं लिहिलंय, तो पर्याय मला कुठेच सापडत नाही.

एक अट आहे. बाबांचे फोल्डर हलवायचे नाहीत. "पहाटेचे", "मिरजेहून आणलेले", "रेडिओ बाजू अ", "परत ऐकणे" अशी नावं आहेत आणि त्यांना त्यातच सापडतं.

केबलकाका

होमग्रुप शोधू नका, विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीत, म्हणजे २०१८ सालीच मायक्रोसॉफ्टने काढून टाकलंय.

सर्व्हर वगैरे नंतर बघू, आधी हे सांगा की वरचा राउटर वेगळा आहे का आणि खालून आलेली वायर त्याच्या कुठल्या भोकात आहे? बाबांच्या कॉम्प्युटरवर आणि तुमच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग मारा आणि दोन्ही आयपी इथे टाका. मला अंदाज आलाय पण खात्री करून बोलतो.

गोदाकाठ

बाबा १९२.१६८.१.१२, मी १९२.१६८.०.१०४. हो, वर वेगळा राउटर आहे, नेटवाल्याने खाली फायबरचा डबा लावला त्याचं वायफाय वर पोचत नव्हतं म्हणून मी दुकानातून आणला. खालून आलेली वायर वरच्या निळ्या भोकात आहे, वॅन लिहिलंय.

केबलकाका

झालं, सापडलं. तुमच्या घरात एक नाही दोन नेटवर्क आहेत. खालचं १.काहीतरी, वरचं ०.काहीतरी, आणि वरचा राउटर मधे भिंत घालून बसलाय. वरून खाली जाता येतं म्हणून आयपी टाकल्यावर फोल्डर उघडतो. खालून वर मात्र काहीच येत नाही. आणि आपोआप दिसणं हा जो प्रकार आहे, टीव्हीला गाणी दिसणं, फोनला सर्व्हर सापडणं, मॅकला शेअर दिसणं, हे सगळं मल्टिकास्टवर चालतं, म्हणजे मशीन नेटवर्कमध्ये हाळी देतं "मी इथे आहे, माझ्याकडे गाणी आहेत". डीएलएनएवाले, म्हणजे टीव्हीला घरातली गाणी दाखवणारे, २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर पोर्ट १९०० ला ओरडतात, ॲपलचं बॉन्जूर २२४.०.०.२५१ वर पोर्ट ५३५३ ला. ही हाळी राउटर ओलांडत नाही. म्हणून खालच्या टीव्हीला ऐकू येते आणि वरच्या फोनला नाही. बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये काही बिघाड नाहीये, उगाच फॉरमॅट बिरमॅट करू नका.

उपाय पाच मिनिटांचा आहे. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न बनवता नुसतं वायफाय पसरवणं) असेल तर तो चालू करा, संपलं. नसेल तर त्याचा डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटणं, बंद करा, त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ असा खालच्या घराण्यातला आयपी द्या (खालच्या डब्याच्या वाटपात तो पत्ता येत नाही ना ते बघून), आणि वायर वॅनमधून काढून लॅनच्या भोकात घाला. हे याच क्रमाने करा, आधी वायर बदललीत तर दोन डीएचसीपी एकाच नेटवर्कमध्ये भांडतील आणि मग अख्ख्या घराचं नेट जाईल आणि शिव्या मला पडतील. वर खाली वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलात तरी चालतं, फक्त २.४ गिगाहर्ट्झला चॅनल वेगळे ठेवा, १, ६, ११ पैकी दोन.

शिवाय दोन्ही डब्यांत गेस्ट वायफाय किंवा एपी आयसोलेशन नावाचं काही चालू नाही ना बघा. ते चालू असेल तर एकाच वायफायवरची दोन उपकरणंसुद्धा एकमेकांना दिसत नाहीत. आणि खालच्या डब्यात बाबांच्या कॉम्प्युटरचा आयपी राखून ठेवा, डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात त्याला, नाहीतर लाइट जाऊन आली की १२ चा १७ होईल आणि सगळे शॉर्टकट मेले.

चहा_आणि_फ्लॅक

काकांनी मुळावरच घाव घातला, छान. आता माझं ऐका, यापुढे फार काही करायची गरजच नाहीये. पुढे कोणीतरी येऊन डॉकर (सर्व्हर टाकायचं सॉफ्टवेअर) सांगणार आहे, मी आधीच बोलून घेतो.

बाबांच्या कॉम्प्युटरवर गाणी नावाचं एक वेगळं लोकल अकाउंट बनवा, त्याला साधा पासवर्ड, आणि शेअर त्या अकाउंटला फक्त वाचायच्या परवानगीने द्या. वेगळं अकाउंट का, तर बाबा बहुतेक पिन टाकून लॉगिन करत असतील आणि नेटवर्कवरून जोडताना पिन चालत नाही, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो जो कोणालाच आठवत नसतो. निम्म्या घरांमध्ये शेअरिंग इथेच अडतं. पासवर्डच नको असंही करू नका, विंडोज ११ प्रो च्या २४एच२ पासून गेस्ट म्हणून विनापासवर्ड आत शिरणं बंद केलंय. नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट आहे ना तेही बघा, पब्लिक असेल तर फायरवॉल दार लावून घेतो.

मग वर लॅपटॉपवर तो फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप करा आणि फूबार किंवा म्युझिकबी या प्लेअरला तो ड्राइव्ह दाखवा. मिंटवर फाइल मॅनेजरमधून एसएमबीने (विंडोजची फोल्डर शेअर करायची पद्धत) जोडता येतो, मॅकवर फाइंडरमधून, फोनवर व्हीएलसी. प्रत्येक मशीनवर प्लेअर आपली आपली लायब्ररी बनवेल, गाणी मात्र एकाच जागी. लायब्ररी फाइल शेअर करण्याचा नाद सोडा, ती त्या प्लेअरची खासगी वही असते, दोघांनी एकाच वेळी एकाच वहीत लिहायला घेतलं तर पानं फाटणारच. लॉक म्हणतंय ते तुमच्या भल्यासाठी म्हणतंय.

वेगाची काळजी करू नका. सीडीचा पूर्ण आवाज १४११ केबीपीएस, फ्लॅक त्याच्या साधारण अर्धा ते पाऊण, एमपी३ फार तर ३२०. १०० एमबीपीएसच्या जुन्या वायरवरूनसुद्धा घरातल्या प्रत्येक खोलीत वेगळी मैफल चालेल.

उगाच_लिनक्स

डॉकर सांगायला हजर आहे 😄

नाही, खरं सांगू का, चहावाल्यांचं म्हणणं दोन कॉम्प्युटर असतील तर शंभर टक्के बरोबर. पण फोनवर एसएमबीने १८० जीबीच्या फोल्डरमधून व्हीएलसीने गाणं शोधून बघा, बोट दुखेल. प्रत्येक मशीनवर वेगळी लायब्ररी म्हणजे प्लेलिस्ट वेगळ्या, आवडतीच्या खुणा वेगळ्या, आणि नेटवर्कवरून हजारो फाइलींचे टॅग (फाइलीत लिहिलेली गायक, अल्बम वगैरे माहिती) प्रत्येक प्लेअर वेगळा वाचत बसणार. त्याशिवाय बाबांचा डेस्कटॉप झोपला की सगळ्यांची गाणी बंद, आणि तो झोपू नये म्हणून चोवीस तास चालू ठेवणं परवडत नाही. हिशोब करा, ६० वॅटचा डेस्कटॉप महिनाभर अखंड चालला तर ४३ युनिट. जुना लॅपटॉप १५ वॅटच्या आसपास, म्हणजे ११ युनिटच्या आत. रास्पबेरी पाय ५ वॅट धरला तर साडेतीन युनिट. मी जुन्या लॅपटॉपच्या बाजूने आहे कारण त्याला बॅटरी असते, लाइट गेली तरी सर्व्हर आपटत नाही. बॅटरी फुगलेली नाही ना तेवढं उघडून बघा, फुगली असेल तर काढूनच टाका.

तर मुलाचा तो मिंटवाला लॅपटॉप (किंवा कपाटात अजून एखादा असेलच, सगळ्यांच्या असतो) खालच्या डब्याला वायरने जोडून ठेवा आणि त्यावर नेव्हिड्रोम नावाचा गाण्यांचा सर्व्हर टाका. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, अगदी हलका आहे, ४ जीबी रॅम म्हणजे चैन. गाण्यांचा फोल्डर दाखवायचा, तो टॅग वाचून स्वतःचा डेटाबेस बनवतो, मग घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी आणि पुढे ४५३३ पोर्ट टाकला की गाणी हजर. मॅक, विंडोज, मिंट सगळीकडे तेच. फोनसाठी सबसॉनिकची (हाही गाण्यांचा एक सर्व्हर) भाषा बोलणारं कुठलंही ॲप चालतं, ॲन्ड्रॉइडवर सिम्फोनियम विकत आहे पण उत्तम, फुकटातलं हवं तर अल्ट्रासॉनिक, आयफोनवर ॲम्परफी. घरातल्या प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या म्हणजे मुलाचं रॅप बाबांच्या "नुकतंच ऐकलेलं" मध्ये येणार नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. नेव्हिड्रोमचा डेटाबेस त्या लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा, नेटवर्क शेअरवर नको, तो एसक्यूलाइट (एकाच फाइलीतला डेटाबेस) आहे आणि एसक्यूलाइटचं नेटवर्क ड्राइव्हशी जमत नाही. गाणी कुठेही असोत. आणि गाण्यांचा फोल्डर त्याला फक्त वाचायला द्या, त्याला लिहायचं काही नसतं.

टीव्हीचं वेगळं आहे. टीव्हीला डीएलएनए हवं असेल तर त्याच लॅपटॉपवर मिनीडीएलएनए टाका. नाहीतर जेलीफिन टाका, त्याचं टीव्हीचं ॲप आहे, पण ते मुळात सिनेमावाल्यांसाठी आहे आणि गाण्यांकडे सावत्र नजरेने बघतं असं माझं मत.

डब्लिनचा_दिन्या

मॅक असेल तर ॲपलचं होम शेअरिंग पण आहे की, एकाच ॲपल अकाउंटने लॉगिन केलेले पाच कॉम्प्युटर एकमेकांची गाणी वाजवतात, नवीन मॅकवर ते सेटिंगमध्ये शेअरिंगखाली मीडिया शेअरिंग या नावाने लपलंय, विंडोजवर आयट्यून्स लागतं. पण ॲन्ड्रॉइड आणि मिंटला याचा उपयोग नाही आणि फ्लॅक त्यात चालतच नाही, सगळं ॲपल लॉसलेसमध्ये बदलावं लागेल. त्यामुळे गोदाकाठ यांच्यासाठी बाद. २००३ मध्ये आयट्यून्स ४ आलं तेव्हा सुरुवातीला इंटरनेटवरूनही दुसऱ्याची लायब्ररी ऐकता यायची, महिन्याभरात ४.०.१ ने ते घरच्या नेटवर्कपुरतं केलं, कारण सगळ्यांना माहितीये 😉

मला वेगळंच सांगायचंय, मराठी नावं असतील तर. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर फाइलचं नाव ठेवलं की तो ऱ हे अक्षर फोडून र आणि खाली नुक्ता असं दोन तुकड्यांत साठवतो. दिसायला तंतोतंत सारखं. पण ती फाइल मिंटवर नेली की मिंटच्या दृष्टीने ते वेगळं नाव. म्हणजे "दुसऱ्या बैठकीतले" नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात आणि एकात निम्मी गाणी दुसऱ्यात निम्मी. इंग्रजी नावंवाल्यांना याचा पत्ताच नसतो, आपल्याकडे पहाऱ्या, किनाऱ्या, गाणाऱ्या सगळीकडे ऱ. नवीन एपीएफएस डिस्कवर हे फोडणं बंद झालंय, पण जुनी हार्डडिस्क मॅकला फॉरमॅट केलेली असेल तर कॉपी आरसिंक या कमांडने करा आणि त्याला आयकॉन्व्हचा पर्याय यूटीएफ-८-मॅक ते यूटीएफ-८ असा द्या, जाता जाता जुळवून टाकतो.

दुसरं म्हणजे मॅकला शेअरवर लिहायची परवानगी असली की तो कधी कधी फाइलींशेजारी टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी छोटी फाइल टाकून ठेवतो, विंडोजवाल्या बाबांना ती कचरा म्हणून दिसते. म्हणून वर सांगितलेलं फक्त वाचायचं अकाउंट अगदी योग्य.

गोदाकाठ

केबलकाका तुम्हाला साष्टांग. मुलाने वरच्या राउटरवर ॲक्सेस पॉइंट मोड शोधून काढला, वर माझ्या फोनला बाबांची गाणी दिसायला लागली. आयपीपण राखून ठेवला.

नेव्हिड्रोम पण टाकून बघितलं, कपाटात लॅपटॉप निघालाच. उघडतं मस्त. पण आता नवीन दुखणं, आत "अज्ञात कलाकार" मध्ये साठ्याचा मोठा भाग पडलाय. सीडीवाल्या फाइलींची नावं आहेत पण कॅसेटवाल्यांना टॅगच नाहीत, सगळं ज्ञान फोल्डरच्या नावात. काहींचे टॅग तर प्रश्नचिन्हांची रांग आहे, काहींमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. आणि भीमसेन जोशी चार वेळा दिसतात. बाबांनी बघितलं आणि म्हणाले "माझं पहाटेचे कुठाय?"

तानपुरा_मिरज

मिरजेहून आणलेले या फोल्डरचं नाव वाचून आनंद झाला, दादा त्यात काय आहे ते नंतर सांगा.

नेव्हिड्रोम टॅग बघतो, फोल्डर नाही. त्याच्यासाठी "पहाटेचे" हा फोल्डर अस्तित्वातच नाही. त्यामुळे बाबांना ते देऊ नका. ज्यांना फोल्डरच हवेत त्यांच्यासाठी लिरिऑन म्युझिक सर्व्हर बघा. हा तोच जुना स्क्वीझबॉक्सवाला सर्व्हर, लॉजिटेकने २००६ मध्ये कंपनी घेतली होती, २०१२ ला डबे बनवणं बंद केलं, पण सर्व्हर मुक्त स्रोत असल्यामुळे लोकांनी चालू ठेवला आणि २०२४ ला नाव लिरिऑन झालं. त्यात म्युझिक फोल्डर म्हणून सरळ फोल्डर उघडून वाजवता येतो, जसा डिस्कवर आहे तसाच. दोन्ही सर्व्हर एकाच लॅपटॉपवर एकाच साठ्यावर चालू शकतात, पोर्ट वेगळे आहेत, लिरिऑनचं ९०००. त्याचं अजून एक सुख म्हणजे जुन्या कुठल्याही मशीनवर स्क्वीझलाइट टाकलं की तो प्लेअर बनतो आणि वर-खाली दोन खोल्यांत एकच गाणं एकाच वेळी जुळवून वाजतं. दिवाळीच्या पहाटे घरभर एकच आवाज हवा असतो तेव्हा याला तोड नाही.

आता टॅग. घाई करू नका, १८० जीबीचे टॅग ही एका रविवारची गोष्ट नाही. एमपी३टॅग वापरा (फ्लॅकलाही चालतं, नावावर जाऊ नका), आणि सेटिंगमध्ये आयडी३ चं (एमपी३ मधल्या टॅगची पद्धत) २.३ यूटीएफ-१६ निवडा. देवनागरी नीट राहते आणि गाडीतले जुने डेकसुद्धा वाचतात. प्रश्नचिन्हांची रांग दिसते ती नावं गेली, कोणीतरी मराठी नाव इंग्रजी एन्कोडिंगमध्ये सेव्ह केलं तेव्हाच ती मेली, ती परत येत नाहीत, नव्यानेच भरावी लागतील. पण इंग्रजी अक्षरांचा काला आहे ना तो बहुतेक श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असणार. तो पुसू नका! फॉन्ट ओळखला तर कन्व्हर्टरने युनिकोड होतो.

फोल्डरच्या नावातलं ज्ञान टॅगमध्ये घ्यायला एमपी३टॅगमध्ये फाइलनावावरून टॅग असा पर्याय आहे, फोल्डरचं नाव अल्बममध्ये, फाइलचं नाव शीर्षकात, एका झटक्यात. म्हणजे "पहाटेचे" हा नेव्हिड्रोममध्ये अल्बम म्हणून दिसेल आणि डिस्कवर एक फाइलही हलणार नाही. अल्बम आर्टिस्टच्या जागी "विविध कलाकार" घाला, ही जागा रिकामी सोडू नका, नाहीतर भावगीतांच्या एका कॅसेटचे गायकागणिक तुकडे होतात.

भीमसेन चार वेळा येतात कारण तुमच्याकडे पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, भीमसेन जोशी आणि एक रोमन लिपीतलं असं असणार. कॉम्प्युटरला आदर कळत नाही. मी कलाकाराच्या रकान्यात उपाधी अजिबात लिहीत नाही, सगळे नुसत्या नावाने. आमच्याकडे यावरून घरात वाद झाला, वडीलधाऱ्यांना नुसतं "कुमार गंधर्व" खटकतं, तर तसं असेल तर पं. सगळीकडे लावा पण सॉर्टच्या रकान्यात नुसतं नाव द्या, नाहीतर अर्धा साठा प मध्ये जाऊन बसेल.

नाट्यगीतांना संगीतकार आणि गीतकार दोन्ही रकाने भरा. त्यात गाणारे दहा असतात आणि माणसं नाटकावरून शोधतात, म्हणून अल्बममध्ये नाटकाचं नाव. शास्त्रीयला राग शीर्षकातच लिहा, ताल पण. रागासाठी वेगळा रकाना करता येतो पण फोनवरची बरीचशी ॲपं तो दाखवत नाहीत.

आणि ॲ एकाच पद्धतीने टाइप करा. एक ॲ स्वतंत्र अक्षर आहे, दुसरा अ वर चंद्र काढून होतो, दिसतात सारखे पण सर्चमध्ये एक टाकला की दुसरा सापडत नाही.

चहा_आणि_फ्लॅक

बघा, मी म्हटलं होतं फोल्डर शेअर करा, एकवीस गोष्टी झाल्या 😀 तरी उपाधी न लिहिण्याला माझं अनुमोदन.

एक राहिलं. आता साठा एका जागी आला म्हणजे गेला तर एका झटक्यात जाणार. सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकथिंगने दुसऱ्या मशीनवर प्रत ठेवत असाल तर बाबांच्या बाजूला फक्त पाठवणे आणि दुसऱ्या बाजूला फक्त घेणे असं लावा, आणि दुसऱ्या बाजूला जुन्या आवृत्त्या ठेवण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर खाली चुकून पुसलेलं वरूनही इमानदारीत पुसलं जातं. आणि एक हार्डडिस्क घराबाहेर, मेव्हण्याकडे ठेवा, तेवढाच त्याचा उपयोग. सीडी परत आणता येतील, घरगुती बैठकीची कॅसेट दुसरीकडे कुठे मिळणार.

गोदाकाठ

मेव्हण्याकडे ठेवतो 😂

लिरिऑन टाकलं. बाबांना म्युझिक फोल्डर दाखवला, त्यांनी स्वतः "पहाटेचे" उघडून लावलं आणि मला जायला सांगितलं.

शेवटचे दोन प्रश्न. कॅसेटची एक अख्खी बाजू म्हणजे एकच फाइल आहे, ४५ मिनिटांची, आत आठ आठ गाणी. ती तोडावी का? आणि बहिणीला पुण्यातून हे ऐकायचं असेल तर?

उगाच_लिनक्स

पुण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडू नका. बऱ्याचशा फायबर जोडण्यांमध्ये आजकाल तुम्हाला स्वतःचा बाहेरचा आयपीच नसतो, अनेक घरांना मिळून एक, त्यामुळे पोर्ट उघडून उपयोगही होत नाही आणि जिथे होतो तिथे सगळं जग दार वाजवायला येतं. सर्व्हरवाल्या लॅपटॉपवर आणि बहिणीच्या फोनवर टेलस्केल टाका, दोघांना वाटेल एकाच घरात आहोत. घरगुती वापराला फुकट आहे. नेव्हिड्रोममध्ये बहिणीच्या फोनसाठी ट्रान्सकोडिंग लावा, फ्लॅकचं जाता जाता १२८ चं ओपस करून पाठवेल, तिचा डेटा वाचेल.

तानपुरा_मिरज

बाजू तोडायची तर ऑडॅसिटीत उघडा, प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला लेबल लावा, लेबलला गाण्याचं नाव द्या आणि मल्टिपल एक्सपोर्ट करा, लेबलची नावंच फाइलींची नावं होतात. फक्त मूळ फाइल एमपी३ असेल तर तोडून परत एमपी३ करताना दर्जा अजून थोडा उतरतो, त्यासाठी एमपी३डायरेक्टकट वापरा, ते उलगडून परत दाबत नाही, आहे तसं कापतं. किंवा कापूच नका, बाजूला क्यू शीट लिहून ठेवा, म्हणजे कुठलं गाणं किती मिनिटाला सुरू होतं त्याची यादी. फ्लॅकबरोबरची क्यू शीट लिरिऑनला वाचता येते, नेव्हिड्रोमला मात्र ती अख्खी बाजू एकच गाणं दिसेल.

मैफिलीच्या आणि बैठकीच्या कॅसेट अजिबात तोडू नका. दोन चिजांच्या मधे तंबोरा जुळवतात, कोणीतरी पाणी मागतं, समोरून फर्माईश येते, हे सगळं कापल्यावर जातं. भावगीतांच्या कॅसेट तोडा हव्या तर, पण तोडलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, उदाहरणार्थ "सुटी गाणी", आणि बाबांची "रेडिओ बाजू अ" आहे तिथे. नेव्हिड्रोमला गाण्यांचा फोल्डर म्हणून सुटी गाणी आणि सीडीवाला भाग एवढंच द्या, लिरिऑनला सगळं द्या. म्हणजे दोनदा दोनदा दिसणार नाही.

आणि मिरजेहून आणलेल्यात काय आहे ते सांगायचं राहिलंय तुमचं.

गोदाकाठ

बाबांना विचारलं. सतार दुरुस्तीला नेली होती तेव्हा दुकानात बसून टेप केलेलं आहे म्हणाले, कोण वाजवतंय ते त्यांनाही आठवत नाही. कलाकाराच्या रकान्यात काय लिहू?

तानपुरा_मिरज

"अज्ञात, मिरज" लिहा. आणि साल आठवत असेल तर ते नक्की भरा.